कॉम्प्युटर हँग होतो, दुसरं काही नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी प्रोफेसरांचा फोन. ही त्यांचं पुस्तक टाइप करते आहे. विषय जुने पूल. चारशे पानं, आणि कुठल्याही पुलापेक्षा जास्त वर्षं रखडलेलं. म्हणाले, वहिनींनी पाठवलेल्या फाइलमध्ये एकेचाळिसावं पान तीनदा आलंय आणि बेचाळिसावं आलंच नाही. वहिनींच्या हातून असं कधी होत नाही, म्हणून विचारतो, राग मानू नका.

मी म्हटलं, राग कसला, कॉम्प्युटर हँग होतो. हँग झाला की तेच पान पुन्हा पुन्हा सेव्ह होतं.

असं होतं का, म्हणाले. मी म्हटलं, होतं.

फोन ठेवल्यावर वाटलं, होत असणारच. नाहीतर मी इतक्या खात्रीनं कसं बोललो?

दुपारी प्रत्यक्ष निरीक्षण. हिच्या मागे खुर्ची टाकून, हातात घड्याळ घेऊन बसलो. हिनं दोन ओळी टाइप केल्या. मग चार मिनिटं काही नाही. स्क्रीन ढिम्म. कर्सर तेवढा लुकलुकतोय आणि ही बिचारी त्याच्याकडे बघत बसलेली. चार मिनिटं! एके काळी हिची बोटं अशी चालायची की शेजारी विचारायचे, पाऊस आला का.

निदान: प्रोसेसर. पंधरा वर्षांचा आहे. थकला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

निर्णय झाला. नवा कॉम्प्युटर घेणार नाही, जुन्याचाच प्रोसेसर बदलणार. स्वतः. पाणीखात्याच्या मीटर दुरुस्ती विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. मीटर काय आणि प्रोसेसर काय, एका बाजूनं आत जातं, दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं, मध्ये कुठेतरी अडकतं.

बजेट तीन हजार. वर एक पै नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, कशाला उगाच? मी म्हटलं, तुझ्यासाठी. ही नुसती गुडघ्यावर बोटं वाजवत राहिली. हल्ली तशी वाजवते.

जेवणात मीठ दोनदा पडलं होतं. हल्लीच्या मिठातच खारटपणा जास्त असतो.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. दुसऱ्या शहरात नोकरी करते, दर रविवारी फोन करते. हिच्याशी बोलून झाल्यावर म्हणाली, बाबा, जरा गॅलरीत जाऊन बोला. गेलो. म्हणाली, आईनं काल मला तासाभरात तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा एकच विचारलं, पोचलीस का. मी कुठेच गेले नव्हते, बाबा.

मी म्हटलं, नेटवर्क. आवाज नीट गेला नसेल, म्हणून पुन्हा केला असेल.

म्हणाली, बाबा, आईला डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, आधी प्रोसेसर होऊ दे. मला वाटलं फोन कटला, म्हणून हॅलो हॅलो केलं. म्हणाली, ऐकू येतंय, बाबा.

मुलगी हुशार आहे, पण टेक्निकल बाजू कच्ची.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कॅबिनेट चादरीत गुंडाळून बसनं नेलं. कंडक्टरनं विचारलं, आजारी आहे का कोणी. विनोद बरा होता, पण मी हसलो नाही.

जिन्याखाली जुन्या पार्ट्सचं दुकान आहे. आत एक बाई बसल्या होत्या. डोळ्याला भिंग, हातात सोल्डरिंगची सळई. मालक कुठे आहेत विचारलं. म्हणाल्या, समोर. मागे वळून बघितलं तर कोणी नव्हतं. मग लक्षात आलं. नाव नाही विचारलं, इथे सोल्डरबाई लिहितो.

सोल्डरबाईंनी मशीन जोडलं, चालवलं, दहा मिनिटं टाइप करून बघितलं. म्हणाल्या, काका, हे ठणठणीत आहे. वयाच्या मानानं उत्तम. टायपिंगला याहून काय लागतं?

मी म्हटलं, घरी हँग होतं. म्हणाल्या, माझ्यासमोर एकदाही नाही झालं. मी म्हटलं, दवाखान्यात गेलं की खोकलाही थांबतो. त्या हसल्या. म्हणाल्या, बदलायचाच असेल तर याच सॉकेटला बसणारा चार कोअरचा जुना प्रोसेसर आहे माझ्याकडे, अठराशेला देते. पण पैसे वाया जातील, आधीच सांगते.

माल विकायचा सोडून ग्राहकाला परत पाठवणारी बाई. धंद्याची अक्कल नाही. मी निघालो. बाहेर फुटपाथवर तसाच चार कोअरचा सातशेला मिळाला. घासाघीस करून साडेसहाशे.

आल्यावर ही दारात उभी. म्हणाली, कुठे होतात, मी किती घाबरले. सांगून गेलो होतो. दोनदा सांगितलं होतं. बहुतेक मीच हळू बोललो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी १०. कामाला सुरुवात. स्क्रू ठेवायला सहा वाट्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. शिस्त असली की निम्मं काम झालं.

१०.४०. फुटपाथवरचा प्रोसेसर बसत नाही. भोकं वेगळी, पिना वेगळ्या.

१०.५५. किंचित दाब दिला.

११. पिना वाकल्या. चौदा. जुन्या मीटरचे काटे मी नुसत्या नखानं सरळ करायचो. नखानं केल्या. तीन तुटल्या.

ही बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, नसेल बसत तर नका ना बसवू. किती शांतपणे म्हणाली. मी म्हटलं, बसेल. न बसायला काय झालं?

जुना प्रोसेसर परत लावला. चालला. सगळ्या वाट्या रिकाम्या व्हायला हव्या होत्या, एक झाली नाही. पाच स्क्रू उरले. कंपन्या हल्ली जास्तीचेच देतात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सोल्डरबाईंकडे. अठराशे दिले. प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्यावर लावायचं पेस्ट त्यांनी फुकट दिलं आणि बजावून सांगितलं, मटारच्या दाण्याएवढंच. पिना तुटलेला प्रोसेसर दाखवला नाही. खिशात होता.

जाता जाता त्यांनी विचारलं, घरी मशीन कोण वापरतं? म्हटलं, मिसेस. बावीस वर्षं टायपिंग करते. भाडेकरार, प्रबंध, शाळांच्या प्रश्नपत्रिका. एकदा एका वकिलाच्या मजकुरातल्या अकरा चुका काढून त्यालाच परत पाठवल्या होत्या, लाल पेननं. मिनिटाला सत्तर शब्द. न बघता.

बोलता बोलता मी बराच वेळ उभा राहिलो. मागे दोन गिऱ्हाइकं थांबली होती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शास्त्रीय पद्धत म्हणजे आधी आणि नंतर मोजमाप. हिला वर्तमानपत्रातला एक उतारा दिला आणि घड्याळ लावलं.

मिनिटाला एकोणीस शब्द.

तिसऱ्या ओळीनंतर ही पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. मी म्हटलं, अगं, ही झाली. म्हणाली, हो की. आणि पुन्हा तीच टाइप केली. मग हात मांडीवर घेतले. म्हणाली, माझे हात गार पडलेत.

एकोणीस. प्रोसेसर माझ्या अंदाजापेक्षाही जास्त खराब झालाय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा प्रोसेसर बसला. अलगद, जसा लोण्यात चमचा. पेस्ट मटारएवढं लावलं, मग कमी वाटलं म्हणून आणखी एक मटार, मग उरलेल्या ट्यूबचं काय करायचं म्हणून तेही.

चालू केलं. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, स्क्रीन काळी. अर्धा तास काळी.

ही म्हणाली, वीज गेली का? मी म्हटलं, नाही गं, दिवा चालू आहे ना डोक्यावर. तिनं वर बघितलं. हो, म्हणाली. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं, वीज गेली का. स्क्रीन काळी दिसली की कोणाचाही गैरसमज होईल.

सोल्डरबाईंना फोन केला. म्हणाल्या, जुना परत लावा, बोर्डचं सॉफ्टवेअर अपडेट करा, मग नवा लावा. तरी नाही झालं तर बोर्डावरचा बटणासारखा सेल पाच मिनिटं काढून ठेवा आणि परत बसवा. आणि पेस्ट पुसा, काका, तुम्ही नक्की जास्त लावलं असणार.

कसं ओळखलं कोण जाणे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ९.१५. चालू झाला! चार कोअर! स्वतःच्या हातानं! बजेटच्या आत! सेल काढून घातला आणि स्क्रीन उजळली. मी एवढ्या जोरानं हाक मारली की ही पदराला हात पुसत धावत आली.

खुर्चीत बसवलं हिला. माउस हातात दिला. राणीसारखी बसली. खालच्या कोपऱ्यात बघितलं आणि म्हणाली, एक जानेवारी.

सेल काढला की कॉम्प्युटरचं घड्याळ मागे जातं. एक जानेवारी दोन हजार दहा दाखवत होता. मी सांगणार, तेवढ्यात ही हळू आवाजात म्हणाली, मग आज शाळेला सुट्टी. उठवू नका तिला, झोपू दे. आणि उठून आतल्या खोलीचं दार आवाज न करता लोटून आली.

आतल्या खोलीत इस्त्रीचं टेबल आहे. मुलगी ती खोली सोडून नऊ वर्षं झाली.

कॉम्प्युटरवर तसं लिहिलेलंच होतं. लिहिलेलं कोणीही खरं धरणार.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. हे तिला सांगितलं नाही. चार कोअरचं सांगितलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नवा सेल आणून घातला. तारीख बरोबर करून ठेवली. वीज घालवून, पुन्हा आणून, तीनदा तपासलं. बरोबर दाखवतो. हिला बोलावून दाखवलं. वाचून दाखवलं. वर्षसुद्धा.

ही म्हणाली, किती मोठं झालं वर्ष.

हा प्रश्न सुटला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नंतरचं मोजमाप. तोच उतारा, तेच घड्याळ.

मिनिटाला अकरा.

कारणं: १. नवा प्रोसेसर, सवय व्हायला वेळ लागतो. २. वर्तमानपत्राची छपाई पुसट. ३. मी मागे उभा होतो.

पुन्हा घेतलं, मी गॅलरीत उभा राहून. आवाज येईना. पाच मिनिटांनी डोकावलो तर ही कीबोर्डवरची अक्षरं एकेक बोट ठेवून वाचत होती. लहान मुलं पाटी वाचतात तशी. मला बघून हात पटकन मागे घेतला.

स्वयंपाकघरात आणखी एक दिसलं. गॅस चालू, वर काही नाही. बटण सैल झालंय. बघून घ्यायला हवं.

१ मार्च, शनिवार

विचार करता करता लक्षात आलं, मेमरी! प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी मेमरी कमी पडली तर तो काय करणार? सेल धरून बजेटचे पाचशे उरलेत. सोल्डरबाईंकडे गेलो, मेमरीची पट्टी मागितली.

त्यांनी भिंग काढून ठेवलं. विचारलं, आता काय होतंय मशीनला? सांगितलं सगळं. पान पुन्हा येतं, ओळ पुन्हा येते, मध्येच थांबतो, तारीख चुकते. म्हणाल्या, तारीख आता बरोबर आहे ना? म्हटलं, मशीनवर बरोबर आहे.

बोलून गेलो.

त्यांनी स्टूल पुढे केलं. मी बसलो. बराच वेळ बसलो. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी नंतर या म्हणून सांगितलं. मग म्हणाल्या, काका, पट्टी मी तुम्हाला विकणार नाही. काकूंना घेऊन या वाटलं तर, चहा पिऊ. पण पट्टी नाही विकणार.

म्हटलं नव्हतं का, धंद्याची अक्कल नाही.

चालत आलो. दोन बस सोडल्या.

५ मार्च, बुधवार

आज दुपारी कॅबिनेट पुन्हा उघडलं. कशासाठी ते ठरलं नव्हतं. धूळ बघावी म्हणून. ही आली, माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि म्हणाली, पुरे आता. बसा इथे.

बसलो. आज ही अगदी पूर्वीसारखी होती. आवाजसुद्धा पूर्वीचा, वकिलाला चुका दाखवणारा.

म्हणाली, प्रोफेसरांचं काम मी परत केलंय. गेल्या आठवड्यातच. त्यांना म्हटलं, तुमचे पूल दुसऱ्या कोणाकडून बांधून घ्या. ते फोनवर रडायला लागले, मलाच समजूत घालावी लागली. मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, लेक येणार आहे त्यासाठी रजा काढून.

मी विचारलं, हे कधी ठरलं? म्हणाली, माझ्या मनात जानेवारीतच, लेकीला परवाच्या रविवारी सांगितलं. मग मला का नाही सांगितलं? म्हणाली, सांगणार होते. पण तुम्ही इतक्या उत्साहानं वाट्या मांडून बसलात. म्हटलं, होऊ दे ह्यांचं एकदा.

मी म्हटलं, अगं, पण कॉम्प्युटर खरंच हँग व्हायचा.

म्हणाली, नव्हता होत हो.

तिनंच कॅबिनेटचं झाकण लावलं. स्क्रू मी लावले. या वेळी एकही उरला नाही.

११ मार्च, मंगळवार

डॉक्टरांकडे तिघं गेलो. मुलगी सकाळच्या गाडीनं आली. मधला वेळ मी वेटिंग रूममधल्या पाण्याच्या फिल्टरकडे बघत काढला. गळत होता. वॉशर गेलाय.

आत गेल्यावर डॉक्टरांनी हिला तीन शब्द सांगितले: खुर्ची, लिंबू, किल्ली. म्हणाले, लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन. मी लगेच पाठ केले. मग त्यांनी हिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. हिनं गोल छान काढला, कंपासनं काढल्यासारखा. बाराही आकडे उजवीकडे एकावर एक दाटीवाटीनं बसवले. डावी बाजू कोरी. कागद डॉक्टरांकडे देत म्हणाली, प्रूफ तपासून घ्या, हल्ली माझा भरवसा नाही.

डॉक्टर हसले. मुलगी खिडकीकडे वळली.

मग त्यांनी तीन शब्द विचारले. हिनं माझ्याकडे बघितलं. शाळेत बाकावरच्या सोबत्याकडे बघावं तसं. माझ्या तोंडात लिंबू आलं होतं. ओठ हललेही असतील. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नका सांगू.

ही म्हणाली, काहीतरी आंबट होतं.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं. मुलीनं लिहून घेतलं. मी विचारलं, कितपत बरं होईल? म्हणाले, बरं असं नाही. औषधानं वेग थोडा कमी होईल, इतकंच. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला वेग कमी करायचं औषध देत होतं आणि मी मान हलवत होतो.

मग त्यांनी मला विचारलं, घरात पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? मी म्हटलं, मुलीच्या. मुलगी म्हणाली, आईच्या स्वतःच्याच. माझं नाव कोणी घेतलं नाही, ते बरोबरच होतं.

ही म्हणाली, नाही, ह्यांच्या. सगळ्यांत आधी ह्यांच्याच लक्षात आलं. उगाच का कोणी चालता कॉम्प्युटर उघडून बसतं?

रिक्षात ही मध्ये बसली होती. माझा आणि लेकीचा, दोघांचेही हात तिनं धरले होते. घरी आल्यावर मुलगी न्हाणीघरात गेली आणि नळ बराच वेळ चालू होता.

१२ मार्च, बुधवार

सकाळी ८. संकल्प, एकच: हिच्यावर चिडायचं नाही. काही विचारलं की दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायचं. डॉक्टरांनी सांगितलंय. त्यात अवघड असं काही नाही. नुसता संयम पाहिजे, आणि तो माझ्यात आहे.

८.१०. हिनं विचारलं, लेक केव्हा येणार? म्हटलं, आलीय, आत झोपलीय.

८.१५. आत झोपलीय.

८.२५. आत झोपलीय गं. हसून सांगितलं.

८.४०. चिडलो.

ही म्हणाली, चुकलं माझं.